गालिच्यावरचा डाग आणि छातीतली घरघर

नवरात्र आठ-दहा दिवसांवर आलं की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. बहुतेक बायका असतात. नाक लाल, आवाज बसलेला, छातीत सूं सूं वाजतंय. काय झालं म्हणून विचारलं की उत्तर एकच, "दसरा काढत होते, डॉक्टर."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. दसरा काढणं म्हणजे घट बसायच्या आत घरातलं अंथरूण-पांघरूण झाडून सगळं धुऊन काढणं. वाकळा, चादरी, सतरंज्या, घोंगडी, पडदे, सगळं. माळ्यावरचं सामान खाली येतं, भिंती झाडल्या जातात, धुण्याचे ढीग नदीवर नाहीतर विहिरीवर जातात. (आमचं खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचं नव्हे. पुण्याकडून येताना शिरवळ सोडल्यावर आणि खंबाटकी घाट चढायच्या आधी लागतं ते.) ही पद्धत मला मनापासून आवडते. पावसाळ्यात ओल धरलेलं अंथरूण भाद्रपद-आश्विनाच्या उन्हात वाळवायचं, यात आरोग्याचं मोठं शहाणपण आहे. पण त्या चार दिवसांत घरातला दमेकरी आजारी पडतो, आणि तो का पडतो हे मला एका गालिच्याने नीट शिकवलं. त्यात माझी चूक होती, म्हणून तीच गोष्ट आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे यायची. जून लागला की रात्रीचा खोकला सुरू. पहाटे उठून बसायची, छातीत शिट्टी वाजायची. दोन पावसाळे मी तिला औषधं दिली, वाफ दिली, इन्हेलर दिला. बरं वाटायचं, पुन्हा यायची. मी सगळं विचारलं होतं. घरात कुणी विडी ओढतं का, चूल पेटते का, कोंबड्या-मांजरं आहेत का. सगळ्याला नाही. "ती झोपते कशावर?" हे मात्र दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी तिच्या आजी घरात पडल्या. घर दवाखान्यापासून जवळ, म्हणून मीच गेलो. मनगट सुजलेलं होतं. पुढे एक्स-रेत हाड मोडल्याचं दिसलं. "कुठं अडखळलात आजी?" विचारलं तर त्यांनी खाली बोट दाखवलं. बाहेरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड लोकरीचा गालिचा होता. त्याची एक कड वर वळली होती, तिथेच पाय अडकला होता.

आमच्या जिल्ह्यात फौजी घर शोधावं लागत नाही. या घरातला कर्ता मुलगा सैन्यात. काश्मीरला पोस्टिंग असताना सुट्टीवर येताना त्याने तो गालिचा खांद्यावरून आणला होता. त्यामुळे घरात त्याचा मान देवघराच्या खालोखाल. मुलगी त्यावर बसून अभ्यास करायची, त्यावर लोळून टीव्ही बघायची आणि रात्री त्यावरच एक वाकळ टाकून झोपायची. "पप्पांचा गालिचा आहे," तिने मला सांगितलं.

गालिच्याच्या मधोमध चहाचा डाग होता. पाहुण्याच्या हातून कप सांडलेला. त्या डागापायी सासू-सुनेत वर्षभर धुसफुस चालली होती. मुलीची आई दर आठ दिवसांनी साबणाचं पाणी ओतून, ब्रशने घासून तो काढायला बघायची. "आत्याबाई म्हणतात, ते येतील तेव्हा डाग दिसता कामा नये." मी गालिच्याची कड उचलली. खाली फरशी ओली होती, गालिच्याची पाठ काळपट झाली होती आणि कुबट वास आला. वर्षभर तो कधी पुरता वाळलाच नव्हता.

आता यात दम्याचा काय संबंध, ते सांगतो.

आपल्या अंथरुणात, गाद्यांत, गालिच्यांत एक अतिसूक्ष्म किडा राहतो. आठ पायांचा, कोळ्याच्या जातकुळीतला, एका मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून रोज जो कातडीचा भुसा गळतो तो खाऊन जगतो. त्याचं शास्त्रीय नाव डर्मॅटोफॅगॉइडिस, म्हणजेच कातडी खाणारा. घरातल्या धुळीची ॲलर्जी लोकांना फार पूर्वीपासून माहीत होती, पण धुळीतला मुख्य गुन्हेगार हा किडा आहे हे १९६४ च्या सुमारास हॉलंडमधल्या लायडन इथल्या व्होरहॉर्स्ट आणि स्पिक्स्मा या संशोधकांनी दाखवलं. खरा त्रास होतो तो त्याच्या विष्ठेचा. ते कण धुळीबरोबर उडतात, श्वासात जातात, आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या नाका-छातीला सूज आणतात.

हा किडा पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून घेतो. म्हणून हवा दमट असली की तो भरभर वाढतो आणि कोरडी पडली की सुकून मरतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये त्याचे हाल होतात. जून लागला की त्याचे दिवस. त्या मुलीचा खोकला जूनमध्येच का सुरू व्हायचा, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. तिच्या घरात तर डाग घासण्याच्या नादात गालिच्याला बारा महिने पावसाळाच होता. ओलीमुळे बुरशीही आली होती आणि दम्याला तीही पुरेशी आहे.

दसऱ्याचंही तेच. चार महिने अंथरुणात साठलेलं सगळं आपण एका दिवसात झटकून हवेत उडवतो आणि तोंडाला पदरही न लावता त्यात उभे राहतो.

आधी डागाचं सांगतो, कारण बायका मला तेच जास्त विचारतात. कुठलाही डाग पडला की घासायचा नाही, टिपायचा. जुन्या सुती कपड्याने, कडेकडून मधाकडे. घासलं की तो धाग्याच्या मुळाशी जातो आणि पसरतो. दुधाचा चहा, रक्त, अंडं यांना गरम पाणी लावू नका, त्यातली प्रथिनं आळून डाग पक्का बसतो. गार पाणी, त्यात थोडासा सौम्य साबण, आणि तोही ओतायचा नाही, फडकं पिळून लावायचं. मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून पंख्याखाली खडखडीत वाळवायचं. हळदीला साबण लावला की ती लाल होते आणि आपण घाबरतो. तो लाल रंग साबणातल्या क्षारामुळे येतो, धुतला की जातो. उरलेला पिवळा डाग ऊन हळूहळू खातं. मुलाने अंथरुणात लघवी केली तर आधी टिपून घ्या, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून काही तासांनी झाडून काढा.

लोकरीवर ब्लीच कधीही वापरू नका. लोकर म्हणजे मेंढीचे केसच, प्रथिनाचे बनलेले, आणि ब्लीच ते अक्षरशः विरघळवतं. पण गालिच्यापेक्षा मला तुमची काळजी जास्त आहे. डाग निघत नाही म्हणून ब्लीचमध्ये फरशीचं ॲसिड मिसळणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो श्वासात गेला तर निरोगी माणसाचीही छाती भरून येते, दमेकऱ्याचा जीव जाऊ शकतो. लघवीच्या डागावर थेट ब्लीच ओतलं तरी विषारी वायू तयार होतो. तेलाच्या डागासाठी रॉकेल किंवा थिनर थंडपेयाच्या बाटलीत भरून ठेवणं हा त्याहून मोठा धोका. लहान मूल पाणी समजून पितं. तसं झालंच तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरतं. लगेच दवाखाना गाठा. आणि गुंडाळून ठेवलेल्या गालिच्यात, घोंगड्यात डांबरगोळ्या घालत असाल तर ती घोंगडी बाहेर काढल्या काढल्या बाळाला गुंडाळू नका. काही बाळांमध्ये जन्मतः एका विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ होते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

धुळीसाठी सगळ्यात चांगलं औषध आपल्याकडे फुकट आहे, ते म्हणजे ऊन. ऑस्ट्रेलियात यावर चाचणी झाली आहे. गालिचा उलटा करून उन्हात ठेवला तर हे किडे मरतात. फक्त ऊन कडक हवं, आणि दोन्ही बाजू तापायला हव्यात. पण किडे मेले तरी त्यांची घाण आतच राहते, म्हणून वाळल्यावर झटकायचं. तेही घराबाहेर, वारा आपल्या पाठीकडून वाहत असेल असं उभं राहून, आणि दमेकरी माणसाने अजिबात नाही. चादरी, उशांचे अभ्रे कडक गरम पाण्यात, म्हणजे साठ अंशांच्या आसपास, धुता येतात. त्यात किडे मरतात आणि घाणही जाते. लोकर तशी धुतली तर आटून बसते. आपल्या घोंगड्याला तर चिंचोक्याची खळ असते, जास्त पाण्यात ती सुटते आणि घोंगडं लुळं पडतं. त्याला ऊनच बरं.

घरात केरसुणीने गालिचा झाडू नका. धूळ एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसते, आणि मधल्या वेळात तुमच्या नाकात. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम, पण तो फिरवतानाही दमेकऱ्याला दुसऱ्या खोलीत पाठवा. हे कण जड असतात, अर्ध्या तासात बरेचसे खाली बसतात. मग ओल्या फडक्याने फरशी पुसा. दम्याच्या घरात फरशी उघडी ठेवून एखादी सुती सतरंजी वापरली, जी दर आठवड्याला धुता येते, तर निम्मी कटकट संपते. वयस्क माणसं असतील तर गालिच्याच्या कडेला खालून चिकटपट्टी लावा. आजींचं मनगट जुळलं. मांडीचं हाड असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फक्त गालिचा काढल्याने दमा जात नाही. असा एकच उपाय करून फारसा फरक पडत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. किडे गादीत असतात, उशीत असतात, शाळेतही असतात. म्हणून हा लेख वाचून इन्हेलर बंद करू नका. त्या मुलीचाही मी बंद केला नाही, उलट रोज नियमित घ्यायला लावला.

गालिचा मात्र काढायला सांगितला. मुलगी रडली. आजीही गप्प झाल्या. मुलाला काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी मुलीनेच पप्पांना फोन लावला आणि माझ्याकडे दिला. पलीकडून तो म्हणाला, "डॉक्टर, तिला झोप लागावी म्हणूनच आणला होता. उचला." दोन दिवस गालिचा गच्चीवर उलटा पडून होता. मग दिराने तो झटकला, गुंडाळला आणि वरच्या कोरड्या खोलीत ठेवला. त्या पावसाळ्यात तिला खोकला झाला, पण रात्री उठून बसावं लागलं ते दोनदाच. आता फौजी मे महिन्यात सुट्टीवर आला की गालिचा अंगणात अंथरतात, आणि चहाचा डाग तसाच आहे.

परवा मुलीची आई आली होती. "दसरा काढायचाय, डॉक्टर. मास्क कोणता घेऊ?" तिलाही आता नाकाची ॲलर्जी आहे. एन-९५ घ्या म्हटलं, आणि घोंगडी झटकायला दिरांना द्या.