पांडवलेण्यांतील हिशेब

काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण आम्हांस चांगलीच लागू पडते. सारें आयुष्य नाशकांत गेलें, पण पांडवलेणीं पाहिलीं तीं शाळेच्या सहलींबरोबर, मुलें मोजतां मोजतां. परवां मात्र नातीनें हट्टच धरला. "आजोबा, तुम्ही नुसते चला, हात मी धरतें."

ह्या हट्टामागें कारण होतें. ती रोज पहांटे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर धांवण्याचा सराव करते. यंदा तिचें दहावीचें वर्ष. धांवणें चालूं ठेवावें कीं बंद करावें, याचा निकाल वडील माणूस म्हणून घरानें आम्हांवर सोंपविला होता. आणि आमचा निकाल काय असणार, हें तिनें ओळखलें असावें.

गांवापासून सुमारें आठ किलोमीटरवर त्रिरश्मि डोंगर आहे. आम्ही पायऱ्यांवर दोनदां बसलों. तेवढ्यांत नात वर जाऊन परत आली! तिच्याप्रमाणेंच कित्येक तरुण घाम गाळीत चढत-उतरत होते. पहांटे हा डोंगर म्हणजे एक तालीमच. आपल्या जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत दहा हजार मीटर धांवून कांस्यपदक मिळविलें, हें तिनें चढतां चढतां सांगितलें. आम्ही दम खात ऐकत होतों.

वर एकंदर २४ लेणीं आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिनें दान दिलेल्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीचा भार सहा यक्ष खांद्यांवर पेलून उभे आहेत. त्यांच्याकडे पाहून नात म्हणाली, "आजोबा, ह्यांचाही सराव दांडगा दिसतो!"

दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याचा अर्थ आम्हीं तिला समजावून दिला. भिक्षूंसाठीं त्यानें ३००० कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे कधींही न मोडण्याची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेविली. पैकीं २००० वर दरमहा शेंकडा एक व्याज. "सांग, वर्षाचें व्याज किती?"

"दोनशें चाळीस," नात क्षणांत म्हणाली.

"शाबास! त्यांतून वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं."

"म्हणजे मुद्दल शाबूत, म्हणूनच दर वर्षीं वस्त्र. मुद्दलच खाल्लें असतें, तर पुढें काय?"

ती सहज बोलली, पण तें आमच्या वर्मीं लागलें. तिचा बाप शाळेंत असतांना खो-खोंत पटाईत होता. परीक्षेचें वर्ष म्हणून आम्हीं त्याला मैदानावरून जो घरीं आणला, तो पुन्हा कधीं तिकडे गेला नाहीं. गुण उत्तम मिळाले, नोकरीही उत्तम लागली. आज ऐन पन्नाशींत तो घरचा जिना चढतांना धापा टाकतो आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. त्यानें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. कुमारसंभवांतील शरीराची थोरवी सांगणारें वचन आम्हीं वर्षानुवर्षें अन्वयासह शिकविलें. आणि घरांत मात्र मुलाचें मुद्दल मोडून गुणांचें व्याज मिळविलें, असें त्या दगडी ओसरींत बसल्यावर वाटूं लागलें.

डोंगर उतरतांना कोणींच फारसें बोललें नाहीं. कठीण पायरीवर नात हात पुढें करी, आणि तो धरण्यास आम्हांस संकोच वाटेना.

सायंकाळीं आम्ही होऊन मैदानावर गेलों. जेथें रणजी करंडकाचे सामने होतात, त्या मैदानाच्या कडेनें म्हातारीकोतारीं फिरत होतीं, पोरें धांवत होतीं. नात तेथें आमच्या शेजारीं गप्प उभी होती. निकाल तिनें विचारला नाहीं, आम्हींच सांगितला.

"उद्यां पहांटे आम्हांसही उठव. अभ्यास सायंकाळीं. तूं धांव, फेऱ्या आम्ही मोजूं."