चार चाकांचा हिशेब

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत ज्याने पावसाळ्याचे चार महिने काढले आहेत, त्याला रस्ता म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. डांबर संपते तेथे खडी सुरू होते, खडी संपते तेथे लाल चिखल आणि चिखल संपतो तेथे बहुधा एखादा ओहळ आडवा आलेला असतो. आमच्या मिशनचे निम्मे पाडे अशा ओहळांच्या पलीकडे आहेत.

तीन वर्षांपूर्वीची जुलै महिन्यातील एक रात्र मला विसरता येत नाही. आमच्या एका धर्मशिक्षकाची वृद्ध आई अत्यवस्थ असल्याचा निरोप रात्री दहाच्या सुमारास आला. मिशनची जुनी गाडी केवळ मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालणारी. पाड्याच्या अलीकडच्या चढावर ती दोन्ही चाके जागच्या जागी फिरू लागली. दगड लावले, फांद्या टाकल्या. गाडी मात्र अधिकच रुतत गेली. शेवटी पवित्र तेलाची कुपी आणि ख्रिस्तप्रसादाची डबी खिशात घेऊन मी चालत निघालो. पोहोचलो तेव्हा म्हातारीच्या उशाशी मेणबत्ती जळत होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. तिच्या मुलाने मला पाय धुवायला पाणी आणून दिले. "फादर, फार भिजलात," एवढेच तो म्हणाला. त्याने मला दोष दिला असता तर ते मला अधिक सोपे गेले असते.

सुगीच्या सणानंतर धर्मग्राम परिषदेत गाडीचा विषय निघाला. वसईकडच्या काही दात्यांनी हातभार लावला आणि साडेचार लाखांची बेगमी झाली. एवढ्यात चारही चाकांना जोर देणारी नवी गाडी येणे शक्य नव्हते. तेव्हा सेकंडहँड गाडी पाहण्याचे ठरले.

वाचकहो, येथे एक कबुली देतो. पहिली गाडी पाहिली आणि मी भाळलो. ती मारुती जिप्सी होती. १९८५ साली आपल्या रस्त्यांवर आलेली ही गाडी २०१९ साली सामान्य गिऱ्हाइकांसाठी बंद झाली. तरी तिच्यावर जीव टाकणारे आजही आहेत. वजनाला हलकी, म्हणून चिखलात सहसा रुतत नाही. या मालकाने तिला रुंद टायर, टपावर दिवे असा सारा थाट केला होता. ती सुरू केल्यावर जो आवाज आला, त्याने पन्नाशी ओलांडलेला हा धर्मगुरू क्षणभर विशीत गेला. या गाडीतून वसईत घरच्या सणाला उतरलो तर लोक काय म्हणतील, हा विचारही मनाला चाटून गेला. आजाऱ्याचा विचार त्यानंतर आला.

माझ्याबरोबर आमच्या गावचा एक जुना मेकॅनिक होता. तो रंगाकडे पाहत नाही. गोणपाट अंथरून तो सरळ गाडीखाली शिरला आणि बाहेर आल्यावर त्याने मला आत शिरायला लावले. चासीवर एके ठिकाणी वेल्डिंगचा जाड वळ होता आणि त्यावर काळा रंग फासलेला होता. मालकाने त्याविषयी अवाक्षर काढले नव्हते. दोष गाडीच्या जातीचा नव्हता, झाकणाऱ्याचा होता. परतताना मेकॅनिकने विचारले, "फादर, वर्षातून किती दिवस तुम्ही खऱ्या चिखलात जाता?"

रात्री मी मिशनची नोंदवही काढून मोजदाद केली. चाळीस दिवस भरले. उरलेल्या सव्वातीनशे दिवसांत गाडी काय करते? वसतिगृहाचे तांदूळ आणि भाजी आणते, गॅसची टाकी आणते, तापलेल्या मुलांना दवाखान्यात नेते, सिस्टरांना सभेला पोहोचवते, महिन्यातून एकदा सुमारे शंभर किलोमीटरवरच्या वसईला जाते. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने सांगितले आहे. मी त्यावर किती तरी वेळा प्रवचन केले होते. हिशेब मात्र त्या रात्री प्रथमच केला. मेकॅनिकचे म्हणणे असे, की गाडी सव्वातीनशे दिवसांची घ्यावी. पण ती चाळीस दिवसांत दगा न देणारी हवी.

दुसरी गाडी महिंद्राची थार होती, २०१० साली निघालेल्या पहिल्या पिढीतली. डिझेल इंजिन दणकट. पण वरती कापडी छत, मागे आडवी बाके आणि किंमत आमच्या झोळीबाहेरची.

तिसरी गाडी त्र्यंबकच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडे मिळाली. अकरा वर्षे वयाची, चारही चाकांना जोर असलेली बोलेरो. रंग उडालेला, एका दाराला पोचा, आसने फाटलेली. आम्ही काही विचारण्यापूर्वीच शेतकरी म्हणाला, "फादर, दोन वर्षांमागं पुढच्या डिफरन्शियलमध्ये पाणी शिरलं होतं. काम करून घेतलंय, पण तुम्ही तेल उघडून बघा." मेकॅनिकने बोल्ट काढला. पाणी शिरलेले तेल दुधाळ चहासारखे दिसते. हे स्वच्छ होते. मग पाटे, दांड्यांचे क्रॉस, चासी असे सगळे ठोकून झाले. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत ना, हेही त्याने पाहिले. त्याचे कारण मला नंतर कळले.

अशा गाडीत चारही चाकांचा जोर चालू केला, की पुढची आणि मागची दांडी एकमेकींना बांधली जाते. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठा फेरा पडतो. चिखलात चाके थोडी घसरतात आणि हा फरक भागून जातो. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत. मग सारा ताण गिअरपेटीवर आणि क्रॉसवर येतो. म्हणून हा जोर चिखलासाठी राखून ठेवायचा आणि डांबरावर दोन चाकांवरच चालायचे. लहानमोठे टायर घातले तर सरळ रस्त्यावरही हाच ताण येतो. नांगरलेल्या शेतात आम्ही 'लो' टाकून पाहिला. या गिअरमध्ये वेग जवळजवळ उरत नाही, पण ताकद दुपटीहून अधिक वाढते. माणसाच्या चालीने, न धापा टाकता, गाडी ढेकळांवरून पलीकडच्या बांधापर्यंत गेली.

नंतर कागदपत्रे पाहिली. चासीवरचा नंबर आरसी बुकाशी जुळवला, कर्जाचा बोजा उतरला आहे याची खात्री केली, विमा पाहिला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. आमच्या हाती चार वर्षे होती. सौदा तीन लाख ऐंशी हजारांत ठरला आणि उरलेले पैसे टायर व दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले. गाडी मिशनात आली तेव्हा तरुणांचे चेहरे पडले. एकाने विचारलेदेखील, "फादर, हीच मिळाली?" मी म्हणालो, "दाखल्यातल्या शोमरोनी माणसाचे जनावर कसे दिसत होते, हे लूककराने लिहिलेले नाही. जखमी माणूस त्यावर बसून उतारशाळेत पोहोचला, एवढेच लिहिले आहे."

हे उत्तर मला त्या दिवशी फार आवडले होते. पुढच्या ऑगस्टने ते अपुरे ठरवले.

त्याच पाड्यावरून पुन्हा निरोप आला. एक वृद्ध गृहस्थ शेवटच्या घटका मोजत होते. शेजारच्या आसनावर तोच धर्मशिक्षक होता. ज्या चढावर आम्ही अडकलो होतो, तो चढ 'लो'मध्ये सहज पार झाला. मी मनातल्या मनात हरखलो. पुढच्या ओहळावर मात्र फरशी पाण्याखाली होती. पाणी गढूळ आणि ओढीचे. गुडघाभर वाहते पाणीही भरलेल्या गाडीला बाजूला ढकलू शकते, हे मला ठाऊक होते. तरी हात गिअरवर गेला. एकदा उशीर झाला होता, पुन्हा होऊ द्यायचा नाही, एवढेच डोक्यात होते. धर्मशिक्षकाने माझ्या मनगटावर हात ठेवला. "फादर, थांबू या," तो म्हणाला.

त्या उशिराची किंमत त्या गाडीत त्याच्याइतकी कोणालाच माहीत नव्हती. मी इंजिन बंद केले. आम्ही रोझरी म्हणत बसलो. पहाटे पाणी उतरले, फरशीचे दगड दिसू लागले, तेव्हा धर्मशिक्षकाने काठीने ठाव घेत पुढे चालायचे आणि मी मागून गाडी आणायची, असे करून आम्ही पलीकडे गेलो. आजारी गृहस्थ जागे होते. त्यांना रुग्णाभ्यंग मिळाला, ख्रिस्तप्रसाद मिळाला. दोन दिवसांनी ते देवाघरी गेले.

दर वेळी असेच वेळेवर पोहोचू, असे मी म्हणणार नाही. गाडी चांगली निघाली आणि ती पाहून घेतली याचे समाधान आहे. पण त्या घरी "फार भिजलात" हे शब्द ऐकल्यापासून माझ्या मनात जो सल होता, तो गाडी घेतल्याने गेला नव्हता. ज्याच्यापाशी मी उशिरा पोहोचलो होतो, त्यानेच मला थांबवले तेव्हा तो गेला.