हातघाई आणि हातची पाने

खेळांची दोन घराणी आम्ही मानतो. एका घराण्यात हात पुढे धावतो आणि बुद्धी त्याच्यामागून धापा टाकीत येते. दुसऱ्यात बुद्धी पुढे चालते आणि हात तिचा निव्वळ हुजऱ्या असतो. आट्यापाट्या, खोखो, विटीदांडू ही पहिल्या घराण्यातली मंडळी. बुद्धिबळ, सोंगट्या, पत्ते ही दुसऱ्यातली. या दोन घराण्यांत सोयरीक क्वचितच जुळते. आखाड्यातल्या एखाद्या नामांकित मल्लाने अंगावरची माती झटकून बुद्धिबळाचा पट मांडला आणि वर "मी अजून कुस्तीच खेळतो आहे" असे सांगितले, तर त्याच्या चाहत्यांस त्याच्या प्रकृतीविषयी काळजी वाटू लागेल. मुले ज्यांना व्हिडिओ गेम म्हणतात, त्या पडद्यावरच्या खेळांच्या जगात २००४ साली नेमका हाच प्रकार घडला. तो वरवर पोरखेळाचा दिसला, तरी त्यात प्रौढांनी विचार करावा असे पुष्कळ आहे, अशी आमची समजूत आहे.

या मल्लाचे नाव 'मेटल गिअर'. जपानातील कोनामी या कंपनीने १९८७ साली एमएसएक्स२ जातीच्या घरगुती संगणकासाठी हा खेळ प्रथम काढला. त्याचा कर्ता हिदेओ कोजिमा त्या वेळी पंचविशीच्या आतला होता. खेळ व्हावयाचा होता लढाईचा. परंतु त्या संगणकाची शक्ती इतकी बेताची, की शत्रूचे शिपाई आणि त्यांच्या गोळ्या एकाच वेळी पडद्यावर मोठ्या संख्येने हलविणे त्याला झेपेना. तेव्हा कोजिमाने लढाई टाळण्याचाच खेळ रचला. त्याचा नायक स्नेक एकटा शत्रूच्या तळात शिरतो, भिंतीच्या आडोशाने सरकतो, पहारेकऱ्याने पाठ फिरविली की चार पावले पुढे टाकतो, आणि वेळप्रसंगी पुठ्ठ्याच्या खोक्याखाली अंग चोरून बसतो. गनिमी काव्याचे बाळकडू प्यालेल्या मराठी वाचकास यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. १९९८ साली 'मेटल गिअर सॉलिड' या नावाने हा खेळ प्लेस्टेशनवर आला आणि मालिकेची कीर्ती जगभर पसरली. यंत्रे जसजशी बळकट होत गेली, तसतशी स्नेकची हालचाल सफाईची झाली आणि खेळणाऱ्याच्या बोटांवरचे ओझेही वाढले. पहारेकऱ्याची नजर वळण्यापूर्वीच्या अर्ध्या क्षणात कोणती कळ दाबावयाची, यावर जीवनमरण ठरू लागले.

अशा या मालिकेने २००४ च्या डिसेंबरात जपानमध्ये 'मेटल गिअर अ‍ॅसिड' नावाचा खेळ काढला. प्लेस्टेशन पोर्टेबल हे हातात मावणारे यंत्र त्याच महिन्यात तेथे विक्रीस आले होते, आणि हा खेळ त्याच्यासाठीच होता. दिग्दर्शन शिंता नोजिरी यांचे होते. नायक तोच, पहारेकरी तसेच, भिंती आणि आडोसे पूर्वीचेच. परंतु स्नेकला पळविणाऱ्या कळा गेल्या आणि त्यांच्या जागी पत्त्यांची पाने आली! जमिनीवर पटासारखी घरे आखलेली. खेळणाऱ्याची पाळी आली की हातातले एखादे पान टाकावयाचे, आणि त्या पानाच्या जोरावर चालावयाचे, गोळी झाडावयाची किंवा आणखी काही करावयाचे. त्यानंतर शत्रूची पाळी. ज्या खेळात क्षणाचाही विसावा नव्हता, तेथे आता खुशाल चहाचा पेला हाती घेऊन विचार करीत बसावे!

मालिकेच्या अनेक निष्ठावंतांना हे मुळीच रुचले नाही, आणि त्यांच्या नाराजीत तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. बुटांचा आवाज जवळ येतो आहे, छाती धडधडते आहे आणि कळेवर बोट थरथरते आहे, ही अवस्था पाळीपाळीच्या खेळात येऊच शकत नाही. पहारेकरी आपला विचार पुरा होईपर्यंत सभ्यपणे ताटकळत उभा राहतो. आणि ज्या शत्रूजवळ इतकी सभ्यता आहे त्याचे भय कसे वाटावे? शिवाय पत्त्यांत नशीब आले. पिस्तूल हवे तेव्हा ते हाती येईलच असे नाही. ज्याने वर्षानुवर्षे बोटे घासून कसब मिळविले, त्याचे कसब एका दिवसात निरुपयोगी ठरले. गवयाचा गळा काढून घेऊन त्याच्यापुढे स्वरलिपी ठेवण्यासारखाच हा प्रकार.

परंतु गळा काढून घेतल्यावर गवयाजवळ काय उरते, हे पाहण्याची संधी एरवी मिळत नाही. येथे ती मिळाली, आणि जे उरले ते आमच्या मते फार मोलाचे आहे.

या खेळातील प्रत्येक पानावर एक आकडा असतो. तो त्या पानाची किंमत. परंतु ही किंमत पैशांत द्यावयाची नसून वाट पाहण्यात द्यावयाची असते. हलके पान टाकले तर आपली पाळी लवकर परत येते. एखाद्या जबर अस्त्राचे पान टाकले तर पुढची पाळी येईपर्यंत बराच वेळ निमूटपणे बसावे लागते, आणि तेवढ्यात शत्रू दोन-दोन चाली करून मोकळा होतो. म्हणजे या राज्यात चलनी नाणे एकच, आणि ते म्हणजे काळ. आता आम्ही असे विचारतो, की १९८७ पासून स्नेक तरी दुसरे कोणते नाणे खर्चीत होता? भिंतीआड तो उभा राही तो वाट पाहण्यासाठीच. खोक्याखाली दडे तोही वाट पाहण्यासाठीच. बोटांच्या धावपळीत हे झाकले गेले होते इतकेच. पानांनी त्यावरचा पडदा दूर केला आणि वाट पाहण्याला मोजमाप दिले. भयदेखील सर्वस्वी नाहीसे झाले नाही. पूर्वी ते डोळ्यांत आणि बोटांत होते, आता ते निर्णयात येऊन बसले. शांतपणे, पूर्ण विचारान्ती आपण टाकलेल्या पानामुळे आपला नायक पुढच्या पाच चालींत मरणार आहे, हे उघड्या डोळ्यांनी पाहणे गोळीच्या आवाजाने दचकण्याहून सोपे आहे असे कोणी म्हणू नये.

आणखी एक नियम आम्हांला फारच मार्मिक वाटतो. कोणतेही पान, मग ते कितीही दुर्मिळ असो, केवळ चालण्यासाठी खर्चिता येते. प्रचंड अग्निबाणाचे पान हाती आहे, पण आत्ता दिव्याच्या उजेडातून बाजूला सरकणे जरूर आहे. मग तोच अग्निबाण चार पावले चालण्यापायी खर्ची घालावा लागतो. मध्यमवर्गीय संसाराचे याहून हुबेहूब चित्र आम्ही तरी पाहिलेले नाही. मोठ्या बेतासाठी राखून ठेवलेली पुंजी घरभाडे, फी आणि औषध यांच्या चार पावलांत संपते. पण ती वाया गेली असे म्हणणे बरोबर नाही. त्या चार पावलांवाचून आपण उजेडात सापडलो असतो. अग्निबाण राखीत बसलेला खेळाडू पुष्कळदा तो हातात असतानाच मरतो.

नशिबाच्या तक्रारीलाही येथे उत्तर आहे. कोणते पान केव्हा येईल ते नशिबावर. परंतु गड्डीत कोणती पाने घालावयाची हे मोहिमेपूर्वी खेळणाऱ्याने स्वतःच ठरविलेले असते. हातघाईच्या खेळात हरलेला मनुष्य बोटांना बोल लावतो. घरच्या पत्त्यांत हरलेला वाटणाऱ्याला. येथे वाटणाऱ्याला बोल लावावा तर गड्डी आपलीच! भडक अस्त्रांच्या मोहाने ती फुगविली आणि नेमके साधे पान वेळेवर आले नाही, तर दोष कोणाचा? दैव आणि पुरुषार्थ यांच्यावर आपल्याकडे केवढाले वाद झाले; त्या दोघांनी मिळूनमिसळून एकाच हातात कसे राहावे, हे या पानांनी फारशी चर्चा न करता दाखविले आहे.

योगायोग असा, की त्याच वर्षी दुसऱ्या एका मालिकेनेही पाने हाती घेतली. 'किंगडम हार्ट्स' हा २००२ चा तलवारीसारख्या शस्त्राने धुमाकूळ घालण्याचा खेळ. त्याची ऐसपैस त्रिमितीय रणभूमी गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या चिमुकल्या यंत्रात मावण्यासारखी नव्हती. 'चेन ऑफ मेमरीज' या २००४ च्या भागात धावपळ राहिली, पण प्रत्येक घाव पानावर बेतला. पानांवर शून्यापासून नऊपर्यंत अंक. मोठा अंक लहानाला मोडतो. शून्य मात्र अजब. ते आधी टाकले तर कोणीही त्याला मोडावे. नंतर टाकले तर ते कोणालाही मोडते. नगण्य माणसाने थांबावे कधी आणि बोलावे कधी, याचा पाठ याहून थोडक्यात कोण देणार? या खेळाचा बालनायक एका अद्भुत गडाचे मजले चढत जातो आणि चढता चढता त्याच्या आठवणी पुसल्या जातात. तेथे स्मृती हाच कथेचा विषय आहे, आणि ती पानापानांनी सुटी झाली आहे. म्हणून पाने तेथे उपरी वाटत नाहीत.

या सगळ्यात आमचा थोडा स्वार्थही आहे. डोळ्यांना चाळिशी लागते तशी बोटांनाही लागते. फरक एवढाच, की बोटांच्या चाळिशीवर चष्मा मिळत नाही. हातघाईच्या खेळात घरातली मुले आम्हांला आदराने प्रेक्षकांत बसवितात. पानांचा खेळ निघाला की त्याच मुलांना "आता कोणते टाकू?" असे विचारावेसे वाटते, आणि आमच्या सल्ल्यातले अर्धेअधिक टाकाऊ निघाले तरी तो ऐकण्याइतका वेळ त्यांच्यापाशी असतो. जो खेळ पिढ्यांना एका बाकावर बसवितो, त्याने काही गमावले असेल तर त्याची भरपाई येथे झाली, असे आम्ही धरून चालतो.

पानांचा हा संसार फार काळ टिकला नाही. २००५ च्या अखेरीस जपानमध्ये 'अ‍ॅसिड २' आला. त्याच्यासोबत पडद्यावरची चित्रे खोल दिसावीत म्हणून पुठ्ठ्याचा एक दर्शक दिलेला होता. खोक्यात दडणाऱ्या नायकाच्या कुळाला पुठ्ठ्याचे प्रेम परंपरागतच आहे! पुढे २००६ च्या डिसेंबरात 'पोर्टेबल ऑप्स' निघाला आणि त्याच हातातल्या यंत्रावर मालिका पुन्हा धावू लागली. मल्ल आखाड्यात परतला हे ठीकच झाले. कुस्ती ही कुस्तीच. पण ज्यांनी ती पाने मन लावून खेळली असतील, त्यांना त्यानंतर भिंतीआड उभा असलेला स्नेक निराळा दिसत असेल अशी आमची खात्री आहे. तो काही न करता उभा आहे असे इतरांना वाटते. त्यांना मात्र त्याच्या डोक्यावरचा तो न दिसणारा आकडा हळूहळू उतरताना दिसतो.