आखाजी ते नवतपा

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोठे जाणार, असे कोणी विचारले म्हणजे मी “धुळ्याला” असे उत्तर देतो आणि विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. त्या तोंडावर प्रथम अविश्वास दिसतो, मग कीव, आणि गृहस्थ सभ्य असला तर शेवटी विषय बदलण्याची घाई. माणसे महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात. आमच्याकडची हौशी मंडळी सातपुड्यातले तोरणमाळ गाठतात. जळगावच्या भट्टीतून उठून धुळ्याच्या भट्टीत जाऊन बसणारे कुटुंब बहुधा आमचेच. पण धुळ्याला माझी आई आहे, आणि आईकडे जाण्याला हवामानाची अट घालावी, हे मला कधी सुचले नाही. सुचायला हवे ते वेळेवर सुचले नाही, त्याचीच ही २०२४ सालच्या उन्हाळ्यातली हकिकत आहे. दिवाळीच्या थंडीत ती वाचायला बरी.

खानदेश म्हणजे एक लांबट कढई आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, आणि मध्ये तापीचे खोरे. जमीन काळी; दिवसभर ऊन पिते आणि रात्री उशिरापर्यंत ते हळूहळू परत करीत राहते. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. पुढे १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळे निघाले. वाटण्या झाल्या, ऊन तेवढे सामाईक राहिले. पारा ४५ अंशांवर गेला तर आमच्याकडे ती बातमी होत नाही. तरीही २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस जळगाव जिल्ह्यात उन्हापायी कलम १४४ लावण्याची वेळ आली. दंग्याधोप्यासाठी असलेले ते कलम सूर्यावर लागलेले पाहून आम्हां शिक्षक मंडळींना मोठी मौज वाटली. मौज वाटली ती दोन-तीन दिवसच.

जळगाव-धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटरांचे. आम्ही पहाटे साडेपाचची एस.टी. धरतो. बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. मे महिन्यात पुलाखाली पाण्यापेक्षा वाळूच जास्त असते. पलीकडे विद्यापीठ. ते १९९० साली सुरू झाले आणि २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. अक्षराची ओळख नसलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला असावे, हे मी दर खेपेला मुलांना सांगतो, आणि धाकटा दर खेपेला विचारतो, “मग मला शाळेत कशाला पाठवता?” पुढे एरंडोल. तेथून धरणगाव जवळच आहे, आणि धरणगावला १८९० साली बालकवी जन्मले. श्रावणाचे एवढे कोडकौतुक करणारा कवी कोकणात का जन्मला नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. मी म्हणतो, कोकणातल्या माणसाला पावसाचे काय अप्रूप? त्यासाठी धरणगावचे चार वैशाख काढावे लागतात. बालकवी गेले तेही १९१८ च्या मे महिन्यात, भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली. मुलांना मी हे अजून सांगितलेले नाही.

पारोळा, मुकटी, फागणे, आणि ऊन चढण्याच्या आत धुळे. या गावाच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज याने हे गाव सरळ रेषांत आखले, असे सांगतात. सरळ गल्लीचा एक तोटा असा की तिच्यात सूर्यही सरळ येतो. आमच्या घराच्या पुढच्या खोल्यांवर आता स्लॅब आहे. मागचे माजघर मात्र अजून धाब्याचे. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि माती, उजेड एका झरोक्यापुरता. स्लॅब घातला तेव्हा माजघरही पाडू, असे मी म्हणालो होतो. आई म्हणाली, “ते राहू दे.” कारण सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

त्या वर्षी आखाजी १० मे रोजी होती. अक्षय तृतीयेला सारा महाराष्ट्र सोने घेतो. खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात. नवी घागर भरून पितरांची पूजा होते, वर डांगर आणि आंबा ठेवतात. मग आमरस, खापरावरचे मांडे, कुरडया. दुपार कलली की निंबाच्या फांदीला झोके बांधायचे आणि गाणी म्हणायची. बहिणाबाईंनी या सणावर कविता केली ती उगाच नव्हे. सासुरवाशिणीला वर्षभराची हवा त्या झोक्यावर मिळत असावी. पुरुष मंडळी त्या दिवशी पत्ते कुटतात, त्यावर कोणी कविता केल्याचे माझ्या वाचनात नाही. आमच्या थोरलीने दोन्ही आत्यांच्या मध्ये बसून पहिल्यांदा उभा झोका घेतला. धाकट्याला झोक्यापेक्षा डांगरात रस होता.

आखाजीच्या आगेमागे घराघरांत वाळवणे चाललेली असतात. या प्रकरणाला माझा जीव फार. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे चारला चूल पेटते. चीक शिजत आला की तो ढवळणाऱ्या बाईच्या दंडाची परीक्षा असते, आणि शिजला की पोरांच्या जिभेची. वाटीत गरम चीक, वर तूप आणि साखर. याहून चांगला पदार्थ मला ठाऊक नाही. मग सोऱ्यातून खाटेवरच्या जुन्या लुगड्यावर कुरडया पडत जातात आणि नऊच्या आत सारे आटोपते. ज्वारीच्या बिबड्यांचेही तसेच. कावळे हाकलण्याचे काम मुलांचे. माझ्या लहानपणी मी ते काम केले आहे आणि राखणदाराच्या हक्काने ओल्या कुरडया खाल्ल्याही आहेत.

त्यानंतर दुपार. आमच्या पत्नीचे म्हणणे असे की, खानदेशातली दुपार ही वेळ नसून जागा आहे. तिच्यात जाऊन बसावे लागते. दारे बंद, खिडक्यांवर ओली पोती, कूलरची घरघर, कोपऱ्यात माठ. चिंचोक्यांवर अष्टाचंगा. कैरीच्या पन्ह्याचे पेले मोजून ओतायचे, नाही तर भांडण. मी गोष्टी सांगतो. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती बसून लिहून घेतली. मी मुलांना म्हणालो, “बघा, महिने कोणते आहेत ते. सारा उन्हाळा त्यांनी दगडी भिंतींत काढला.” थोरली म्हणाली, “त्यांना संध्याकाळी गच्चीवर सोडत होते का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण गच्चीचे नाव निघाले आणि मी सुरू झालो.

मुलांची आणि माझी तक्रार एकच; फक्त आमच्या बाजू वेगळ्या. त्यांना जळगावच्या घरातली गार खोली हवी असते, आणि मला त्यांनी माझ्यासारखा उन्हाळा काढावा असे वाटते. मी सांगतो, आम्ही कसे गच्चीवर तारे मोजत झोपत होतो, कसे पांझरेच्या पात्रात वाळू उकरून झिरा काढीत होतो, आम्हांला कधी ऊन लागले नाही. हे सांगताना माझा आवाज वर्गातला होतो, असे पत्नी म्हणते.

अशा मनःस्थितीत असताना २५ मे उजाडला. त्या दिवशी नवतपा लागतो. सूर्य रोहिणीत शिरतो आणि पुढचे नऊ दिवस उन्हाचा कहर होतो, अशी आपल्याकडची समजूत. धुळ्याचे अक्षांश २१ च्या जवळपास. त्यामुळे त्याच सुमारास सूर्य भर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. पुढे सूर्य आणखी उत्तरेला जातो आणि जुलैत परतताना पुन्हा डोक्यावरून जातो, पण तेव्हा ढग असतात. म्हणजे मुलांना हे दाखवायचे तर आजच.

“बापू, नवतपा लागला आज,” आई सकाळीच म्हणाली. “पोरांना वर नेऊ नको.”

मी तिला नवतप्याचे शास्त्र समजावून सांगितले. रोहिणी, अक्षांश, सगळे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “बरं.”

बारा वाजता आम्ही तिघे गच्चीवर गेलो. स्टीलचा एक उभा डबा ठेवला. सावली आखडत होती. आमच्याकडे खरी माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, साडेबाराच्या जरा अलीकडे होते. त्यामुळे थांबणे आले. मुले अनवाणी होती, कधी या पायावर तर कधी त्या पायावर नाचत होती, आणि मला तो उत्साह वाटला. थोरलीने डोक्यावरची ओढणी काढायला साफ नकार दिला. धाकट्याच्या डोक्यावर टोपी होती. मी त्याला म्हणालो, “टोपी काढ, तिची सावली पडते.” त्याने लगेच काढली. सव्वाबाराच्या पुढे डब्याची सावली डब्याखाली गेली, धाकट्याची त्याच्या पायांखाली गेली, आणि तो ओरडला, “मी संपलो!” आम्ही पुष्कळ हसलो. खाली आलो तेव्हा पाऊण वाजून गेला होता.

चारला तो जेवलेले सारे ओकला. पाचला अंग तव्यासारखे. थर्मामीटरने १०३ दाखवले. बोलत होता ते लागत नव्हते. शेजारच्या मावशी दारातूनच ओरडल्या, “काय व्हयनं वं माय पोऱ्याले?” मी त्याला उचलून रिक्षात घातले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कपडे सैल केले, ओल्या कापडांनी अंग पुसायला लावले, सलाइन लावले आणि विचारले, “उन्हात किती वाजता होता?” मी वेळ सांगितली, अगदी मिनिटांसह. कारणही सांगितले. डॉक्टर काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले. “आपण काय करता?” म्हणाले. मी सांगितले. त्यांनी पुढे काही विचारले नाही.

रात्री नऊला घरी पाठवले. थेंबथेंब पाणी देत राहा, लघवी झाली की कळवा, असे सांगून. घरी आलो तो वीज गेलेली. स्लॅबच्या खोल्यांत हात लावू तेथे भिंत गरम. आईने माजघरात ओली चादर अंथरून ठेवली होती. तेथे शिरताच अंगावर गारवा आला. ते माजघर तिने का राहू दिले, हे मला तेव्हा कळले. तिने त्याच्या तळपायांना किसलेला कांदा चोळला. कांद्याने ताप उतरतो असे मी म्हणणार नाही. पण कांदा चोळणाऱ्या हातांना स्वस्थ बसावे लागत नाही. माझे हात रिकामे होते. पत्नी चमच्याने साखर-मिठाचे पाणी पाजत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती.

मध्यरात्रीच्या सुमारास आईने पंखा माझ्या हाती दिला आणि म्हणाली, “तू दुपारचा गच्चीवर होतास कधी?”

“आम्ही गच्चीवरच तर—”

“रात्री. दुपारी नाही. बारा ते पाच मी बाहेरून कडी लावत होते. तुझे वडील म्हणायचे, पोरं कैदी आहेत का? तू तीन वर्षांचा असताना असाच तापला होतास, दोन दिवस डोळे उघडले नव्हतेस. तेव्हापासून कडी.”

मला यातले काही आठवत नव्हते. मला आठवत होते ते अष्टाचंगा, पन्हे आणि गोष्टी.

“आणि तुझी ती गच्ची,” आई पुढे म्हणाली, “संध्याकाळी तिच्यावर पाणी ओतल्याशिवाय पाय ठेवता येत नव्हता. नळ तीन दिवसांआड. कपड्यांचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं, सगळं पाणी साठवायचे मी. वीस बादल्या. जिन्याने वर. तुम्ही पोरं तोवर खाली आंबे खात होता.”

ती रागाने बोलत नव्हती. मी कधी विचारले नाही म्हणून तिने सांगितले नव्हते, इतकेच. आमच्या जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागेला उन्हाळी वारा लागू नये म्हणून भोवती शेवरी लावतात. मी इतकी वर्षे त्या बागा पाहतो, आणि रावेर-यावलकडे गेलो म्हणजे केळीच्या हिरवेपणाचे कौतुक करतो. शेवरीकडे लक्ष गेल्याचे आठवत नाही.

पहाटे तीनला धाकट्याने लघवीला जायचे आहे म्हणून सांगितले. आम्ही तिघेही एकदम उठलो. एवढ्या गोष्टीचा इतका आनंद होऊ शकतो, हे लिहून दाखवण्यासारखे नाही. परत येऊन त्याने पेलाभर पाणी मागितले, आणि अंधारात माझा हात चाचपून विचारले, “बाबा, माझी सावली आली का परत?”

“आली,” मी म्हणालो.

पुढचे आठ दिवस बारा ते पाच आईने कडी लावली. आत मुले, आणि मीही. मधल्या वेळात मी विहिणींचा पत्ता नसताना रुखवत मांडावे तशा घरातल्या बादल्या ओळीने मांडल्या आणि संध्याकाळी गच्चीवर पाणी नेऊ लागलो. सहाव्या बादलीला जिन्यात बसलो. आई खालून म्हणाली, “राहू दे बापू, तुझ्याने व्हायचं नाही.” वीस काही माझ्याने एकदाही झाल्या नाहीत.

जळगावला निघण्याच्या आदल्या दिवशी थोरली दाराच्या फटीला डोळा लावून उभी होती. अंगणात कपडे वाळत घालण्याचा बांबू आहे. साडेबाराला तिने मला हाक मारली. बांबूच्या बुडाशी दोन-तीन बोटे सावली पडली होती, पण ती नेहमीच्या बाजूला नव्हती. एरवी बांबूची दुपारची सावली चुलीच्या खोलीकडे, म्हणजे उत्तरेला पडते. आज ती रस्त्याकडे पडली होती. सूर्य आमच्या डोक्यावरून पलीकडे गेला होता. तिने ते वहीत तारखेसह टिपून घेतले. मग धाकट्यालाही पाहायचे होते. त्याला फटीपाशी उचलून धरताना आजीने कडीवरचा हात काढला नाही.