सिद्धाचलमची पानगळ

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या वायव्य भागात, ब्लेअर्सटाउनजवळच्या वनराईत सिद्धाचलम तीर्थ वसले आहे. आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ मध्ये त्याची स्थापना केली. ऑक्टोबरात दर्शनास जाणाऱ्या यात्रिकाचे पाऊल वाटेवरच थबकते. मेपल लालभडक, हिकरी सोनेरी आणि ओक तांबूस झालेले असतात.

हे रंग येतात कोठून? दिवस लहान होऊन गारवा वाढला, की झाड पानातील हरितद्रव्याचे विघटन करते व मोलाचे नत्र खोडामुळांकडे परत घेते. हिरवा रंग ओसरला की पिवळा प्रकटतो. तो उन्हाळाभर पानातच दडलेला होता. मेपलचा लाल रंग मात्र याच दिवसांत, पानातील साखरेच्या आधारे नव्याने घडतो. शेवटी देठाशी पेशींचा विलग थर तयार होतो आणि पान सुटते. वारा निमित्तमात्र; तयारी झाडानेच केलेली असते.

श्वेतांबर परंपरेत भगवान महावीरांची अंतिम देशना मानल्या जाणाऱ्या उत्तराध्ययन सूत्राचे दहावे अध्ययन 'द्रुमपत्रक' नावाचे आहे. पिकून गळणाऱ्या पानाच्या दृष्टांताने भगवंत गौतमस्वामींना अप्रमादाचा उपदेश करतात.

निर्वाणकल्याणकाची दिवाळीही याच सुमारास येते. आपण जुना हिशेब मिटवून नवी वही पूजतो. पुढील वसंताला लागेल तेवढे झाडाने राखलेले असते, उरलेले मातीला दिलेले असते. वहीपूजनाच्या वेळी आपणही स्वतःला विचारावे, की परिग्रहाचे कोणते पान यंदा सोडावयाचे आहे.