चहाच्या उतारावरील तळी

दार्जिलिंगहून सुखियापोखरीकडे जाणारा रस्ता धुक्यातून वर चढत राहतो. नेपाळीतील ‘पोखरी’ म्हणजे तळे. आपल्या पुष्करिणीचेच हे सुटसुटीत रूप. या वाटेजवळ जोरपोखरी, म्हणजे जोडतळे, येथे १९८५ साली एक चिमुकले अभयारण्य झाले. ते वाघासाठी नव्हे, हत्तीसाठीही नव्हे, तर जेमतेम वीतभर लांबीच्या सॅलॅमँडरसाठी.

प्रथमदर्शनी त्यास कोणीही पाल समजेल. परंतु अंगावर खवले नाहीत. त्वचा ओलसर आणि पाठीच्या दोन्ही बाजूंस गाठींची रांग. हा बेडकाचा शेपटीवाला नातलग. त्याच्या पाण्यातील पिल्लांना मानेशी पिसांसारखे कल्ले असतात. आपल्या सह्याद्रीत बेडूक आहेत, पाय नसलेले देवगांडूळही आहे. सॅलॅमँडर मात्र नाही. पूर्वी यास चीनच्या युनान प्रांतातून १८७१ साली वर्णिलेल्या जातीतच मोजत. २०१५ मध्ये पूर्व नेपाळमधील नमुन्यांवरून हिमालयीन सॅलॅमँडर ही स्वतंत्र जात ठरली.

कोरड्या महिन्यांत तो दगडांखाली, कुजक्या ओंडक्यांखाली दडून असतो आणि पाऊस लागला की प्रजननासाठी तळ्याकडे उतरतो. म्हणून अभ्यासकांचा शोध पावसाळ्यात, पुष्कळदा रात्री विजेरीच्या उजेडात चालतो. उचललेला दगड होता तसाच परत ठेवावा लागतो, कारण त्याखालचा ओलावा हेच त्याचे घर. एका तळ्यावरून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी बूट व जाळी निर्जंतुक करतात. चिखलाबरोबर बुरशीचा रोग पसरू शकतो. नवख्यास हा सोपस्कार कंटाळवाणा वाटेल, पण शोधणाऱ्याच्याच पावलांनी प्राण्यावर संकट यावे, हे फारच विपरीत.

हा शोध अनेकदा चहामळ्याच्या कडेच्या डबक्यापाशी येऊन थांबतो. २००४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेला दार्जिलिंगचा चहा व्यापारी घरांस परिचित आहे. त्याच उतारावरचे हे साचलेले पाणी मात्र कोणत्याही हिशेबात धरले जात नाही. कोणी ते बुजवून घर बांधतो. कोणी त्यात मासे सोडतो, आणि मासे अंडी-पिल्ले खाऊन टाकतात. फवारणीचे औषध पावसाबरोबर वाहत आले, तर त्वचेतूनही श्वास घेणाऱ्या या जिवाला त्यापासून आडोसा उरत नाही.

त्यामुळे अभ्यासकाच्या वहीत प्राण्यांच्या संख्येशेजारी पाण्याची खोली, काठची झाडी आणि शेजारच्या जमिनीचा वापरही लिहिला जातो. ज्या तळ्यात रात्रभर विजेरी फिरवूनही काही दिसले नाही, त्याचीही नोंद होते.