अठ्ठावीस रात्री

गेल्या हिवाळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा रात्री लावायची क्रीम विकत आणली. पन्नास ग्रॅमची डबी, किंमत 449 रुपये. डबीवर कोरफडीचं पान, बदामाची दोन फुलं आणि खाली लिहिलेलं : 'संपूर्ण नैसर्गिक. रात्रभरात त्वचा घट्ट, ओलसर, तजेलदार.' साहित्याच्या पानावर हा काय विषय झाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्या घरांतून मुलीच्या चेहऱ्यावर जितकं बोललं जातं, तितकं तिच्या गुणपत्रिकेवर बोललं जात नाही. ज्या गोष्टीवर आपण घरात रोज बोलतो, तिच्यावर कधीतरी लिहायलाही हवं.

माझं वय छत्तीस. सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते. शिकवते उर्दूत, घरात बोलते दखनी आणि लिहिते मराठीत. अब्बांच्या पश्चात घर माझ्या पगारावर चाललं. दोन धाकट्या बहिणींपैकी एकीचं लग्न झालं, दुसरी नर्सिंग करतेय. माझ्यासाठीही रिश्ते आले. सात वेळा मी ट्रे घेऊन बैठकीत गेले. त्यातल्या एका वेळी, मुलाच्या खालाने जवळ बसवून घेतलं आणि प्रेमानं गालावरून हात फिरवता फिरवता रुमालाच्या टोकानं गाल पुसून बघितला. पावडर लावलीय की रंगच असा आहे, ते तिला बघायचं होतं. मंडळी गेल्यावर अम्मी मोरीत बराच वेळ तेच कप विसळत राहिली. सातव्या वेळेनंतर मी अम्मीला सांगितलं, आता बस. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. सांगायचं एवढंच की, माझा चेहरा इतकी वर्षं दुसऱ्यांनी तपासण्याची वस्तू होता. आता तो कुणालाच दाखवायचा नव्हता, म्हणूनच क्रीम आणावीशी वाटली.

कारणही साधं होतं. खडूची धूळ, मैदानावरच्या परिपाठाचं ऊन, बोअरचं क्षाराचं पाणी आणि दिवसातून पाच वेळा वुजू. थंडीत गाल इतके ओढायचे की हसताना दुखायचे. दुकानातली मुलगी म्हणाली, 'मॅडम, पस्तिशीनंतर नाइट क्रीम पाहिजेच.' घरी अम्मीनं डबी उलटीपालटी केली आणि विचारलं, 'इत्ते पैसे कायको? ग्लिसरीन-गुलाबजल क्या बुरा है?' तिचा दुसरा प्रश्न जास्त गंभीर होता : क्रीम लावून वुजू होतो का? मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारलं. त्या म्हणाल्या, नखपॉलिशचा थर पाणी अडवतो, तेल-क्रीम अंगात जिरतं, त्यानं वुजूला बाध येत नाही. तरी मी इशानंतरच क्रीम लावायचं ठरवलं. म्हणजे फजरपर्यंत तिला तिचं काम करायला पूर्ण रात्र मिळणार होती.

बी.एड. करताना आम्हाला शिकवलं होतं की, प्रयोगात तुलनेसाठी दुसरी बाजू हवी. तेव्हा मी चेहऱ्याचेच दोन भाग केले. उजव्या गालाला 449 रुपयांची क्रीम. डाव्या गालाला अम्मीचं ग्लिसरीन आणि गुलाबपाणी, ज्याचा खर्च महिन्याला पन्नास रुपयेही नाही. त्याआधी दोन्ही गोष्टी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहिली. खाज आली नाही. मुदत ठेवली अठ्ठावीस रात्रींची, कारण त्वचेच्या वरच्या थरातल्या जुन्या पेशी गळून नव्या वर यायला साधारण महिना लागतो. दर रविवारी सकाळी सात वाजता त्याच खिडकीपाशी, त्याच जागी बसून मोबाइलवर फोटो. धाकट्या बहिणीला कुठल्या गालाला काय लावते ते सांगितलं नाही. ती फक्त हात लावून कुठला गाल मऊ ते सांगायची.

पहिल्याच रात्री डबीमागचं बारीक अक्षर वाचलं. हे आपण सगळ्यांनी करायला हवं. घटकांची यादी साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते. जे जास्त, ते आधी. माझ्या क्रीममध्ये पहिलं होतं पाणी. दुसरं ग्लिसरीन. अम्मीचंच! मग शिया बटर, मग तेलं, ती पाण्यात मिसळून राहावीत म्हणून लागणारे पदार्थ, आणि झाकणावर ज्या कोरफडीचं चित्र होतं ती कोरफड शेवटाकडे, सुगंधाच्या जरा वर.

ही क्रीम काम कशी करते, तेही सोपं आहे. उर्दूमध्ये त्वचेला जिल्द म्हणतात आणि पुस्तकाच्या बांधणीलाही जिल्दच. आठवीच्या वर्गात हा शब्द मला फार उपयोगी पडतो. आपण ज्याला हात लावतो तो त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो, कागदाहून पातळ. आतलं पाणी बाहेर उडून जाऊ नये हे त्याचं काम. रात्री त्वचेतून पाणी जास्त उडतं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, शिया बटर आणि तेलं वरून झाकण घालतात. कोरड्या हवेत नुसतं घट्ट ग्लिसरीन लावलं तर ते त्वचेतलंच पाणी ओढू शकतं. म्हणून अम्मी त्यात गुलाबपाणी मिसळते आणि ओल्या चेहऱ्यावर लावते. तिनं हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

या ज्ञानाची वाट मात्र जुनी आहे. मेण, तेल आणि पाणी घोटून केलेल्या थंड मलमाचं श्रेय दुसऱ्या शतकातल्या गॅलन या हकिमाला देतात. युनानीवाले त्याला जालिनूस म्हणतात. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं सुगंध आणि अर्क काढण्याच्या कृतींवर किताब लिहिली. कुर्तुब्याच्या अल-जहरावीनं आपल्या तीस भागांच्या वैद्यकग्रंथात शस्त्रक्रियेबरोबर सौंदर्यप्रसाधनांनाही जागा दिली. शरीराची निगा हा विषय त्यांना हलका वाटला नव्हता. मग आपल्याकडे मास्तरीणबाईनं क्रीम लावली की स्टाफरूममध्ये हसू का येतं, हे मला कळत नाही.

आता निकाल. पहिल्या आठवड्यात बहीण म्हणाली, डावा गाल मऊ. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, उजवा. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी म्हणाली, 'बाजी, दोन्ही एकसारखेच.' फोटोंतही तेच. ओढ गेली, पापुद्रे गेले, हसताना दुखणं थांबलं; दोन्ही बाजूंना. उजव्या बाजूला क्रीमचा वास छान होता आणि उशी चिकट होत नव्हती, एवढा तिचा फायदा मान्य करते. पण 'घट्ट' काही झालं नाही. सकाळी डोळ्यांखालच्या बारीक रेषा कमी दिसायच्या, कारण वरचा थर पाण्यानं जरा फुगलेला असायचा. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्या रेषा आपापल्या जागी परत यायच्या.

असंच व्हायचं होतं. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन त्या पातळ थराच्या खूप खाली असतं. डबीवर 'कोलॅजनयुक्त' लिहिलं तरी त्याचा रेणू इतका मोठा असतो की वरून लावलेला तो आत जात नाही. जिल्दीवर शाई सांडून आतल्या पानांवर अक्षरं उमटत नाहीत. आतलं कोलॅजन बिघडवणारं बाहेरचं मोठं कारण म्हणजे ऊन. त्यातले काही अतिनील किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. रेषांवर खरा परिणाम करणारी काही औषधं आहेत, पण ती त्वचातज्ज्ञाच्या सल्ल्यानं घ्यायची आणि गरोदरपणात टाळायची. बाकी, दिवसा उन्हापासून बचाव आणि रात्री ओलावा, एवढ्यात आपल्या हातातलं बरंचसं येतं. आता मी परिपाठाला छत्री घेऊन उभी राहते. मुली हसतात. हसू देत.

इथवर हा लेख संपला असता. पण महिना संपत आला असताना माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. नकाब वर केला तेव्हा मी दचकले. गाल लालबुंद, मधे मधे बारीक पुरळ, हनुवटीवर लव. मी क्रीमवर काही प्रयोग करतेय हे तिनं बहिणीकडून ऐकलं होतं. पर्समधून एक पांढरी डबी काढून म्हणाली, 'मिस, ये भी नॅचरल है.' पार्लरमधून आणलेली. वर ना नाव, ना घटक, ना तारीख. चार महिने रोज रात्री लावत होती. सुरुवातीला पंधरा दिवसांत रंग उजळला, सगळ्यांनी तारीफ केली. आता एक रात्र चुकली तरी चेहऱ्याची आग होत होती.

दुसऱ्याच दिवशी मी तिला त्वचातज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, या क्रीममध्ये स्टेरॉइड असणार. स्टेरॉइड हे औषध आहे, ठरावीक आजारावर, ठरावीक दिवस लावायचं. रंग उजळावा म्हणून महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते, लाली येते, पुरळ येतं, लव वाढते. आणि सोडलं की काही आठवडे आधीपेक्षा वाईट दिसतं, म्हणून मुली पुन्हा लावतात. 2018 साली केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कायदा झाला, पण बिननावाच्या डबीपर्यंत तो पोचत नाही. काही डब्यांत पारा निघतो. 2023 साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात रंग उजळवणाऱ्या क्रीम वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं डॉक्टरांनी मांडलं. त्याच वर्षी अकोल्यातल्या एका कुटुंबाचीही अशीच बातमी आली. पारासुद्धा निसर्गातलाच आहे, खाणीतून निघतो. 'नैसर्गिक' या शब्दात सुरक्षितपणाची हमी नसते.

औषधापेक्षा अवघड काम पुढे होतं. तिच्या अम्मीशी बोलायला मी घरी गेले. रविवारी पुण्याची मंडळी बघायला येणार होती. अम्मी हात जोडून म्हणाल्या, 'मिस, बस दस दिन और लगाने दो. बात पक्की हुई की छोड देगी.' त्या वाईट बाई नाहीत. शिलाईच्या मशीनवर चार मुलांना वाढवलंय. त्यांना ठाऊक होतं की बैठकीत आधी गाल बघितला जातो. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. मला तो रुमाल आठवत होता. मी एवढंच म्हटलं, 'आपा, दहा दिवसांनी पक्की होईल, मग निकाहपर्यंत लावावी लागेल, मग निकाहनंतर कधी सोडणार?' त्या गप्प बसल्या. मुलगीच म्हणाली, 'मी नाही लावणार.' मराठीत म्हणाली, कॉलेजची सवय. अम्मीनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि डबी उचलून कपाटात ठेवली. फेकली नाही, पण दिलीही नाही.

रविवारी ती लाल गालांनीच बैठकीत गेली. मंडळींनी समोसे खाल्ले, 'कळवतो' म्हणाले आणि कळवलं नाही. ती दोन दिवस रडली. आग कमी व्हायला सहा आठवडे लागले. लाली अजून उन्हात येते. डॉक्टर म्हणतात, पूर्ण उतरायला वर्षही लागेल. तिच्या अम्मी अजून माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, पण आज पुन्हा विचारलं तरी मी तेच सांगेन.

माझी डबी संपली. दुसरी आणणार नाही. अम्मीचं ग्लिसरीन पुरेसं आहे. पण त्या अठ्ठावीस रात्रींतली एक गोष्ट मी सोडलेली नाही. इशानंतरची ती दहा मिनिटं. वह्या तपासून झालेल्या, भांडी आवरलेली, आणि मी स्वतःच्या चेहऱ्याला हात लावून बसलेली. कुणी येणार नसताना, कुणाला पसंत पडायचं नसताना. आपल्या बायकांनी स्वतःच्या गालाला इतक्या मायेनं कधी हात लावला असेल? आपल्या अम्मींना हे विचारून बघा.

या सत्रात आठवीच्या वर्गात मी 'लेबल कसं वाचावं' असा एक तास घेतला. मुलींना घरातल्या क्रीमच्या डब्या आणायला सांगितल्या. एकवीस डब्या आल्या. आम्ही त्या टेबलावर मांडल्या, यादी वाचली, पाणी कुठे, ग्लिसरीन कुठे ते शोधलं, तारखा बघितल्या. चार डब्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या मी बाजूला काढल्या आणि सांगितलं, ज्यावर काहीच लिहिलेलं नाही ते तोंडाला लावायचं नाही. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, 'मिस, यातली एक माझ्या आपाची आहे. सहाशेला आणलीय. पुढच्या महिन्यात तिची मंगनी आहे. तिला काय सांगू?'

मी म्हटलं, 'तू काही सांगू नकोस. आपाला घेऊन ये.'